व्हय साहेब

आमचे हे बॉयलरच्या परीक्षेत दुसऱ्यांदा नापास होऊन पुण्याहून आले, त्या दिवशी मी त्यांना एक शब्द बोलले नाही. पाणी दिलं, भाकरी वाढली. जेवण झाल्यावर त्यांनी पिशवीतून ते पुस्तक काढलं, सदऱ्याच्या टोकानं पुसलं आणि जिथलं तिथं फळीवर ठेवलं. मग मात्र माझा ताबा सुटला. त्यातलं एक अक्षर जर साहेबापुढं तोंडातून बाहेर पडत नसेल, तर ते पुस्तक फळीवर ठेवलं काय आणि चुलीत घातलं काय!

नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात रीत नाही, पण कोण कोणाचं ते कळावं म्हणून एकदाच घेते. सूर्यभान. श्रीरामपूरच्या पलीकडं उसाच्या पट्ट्यात आमचा साखर कारखाना, तिथं हे बॉयलरवर फायरमन होते. फायरमननं भट्टीत उसाची चिपाडं सोडायची, राख ओढायची आणि ऊस संपला की घरी बसायचं. बॉयलर चालवणारा जो अटेंडंट असतो त्याच्याकडं सरकारी सर्टिफिकेट असतं आणि त्याची नोकरी बारमाही. ते सर्टिफिकेट मिळायचं तीन भागांची परीक्षा देऊन. लेखी, प्रात्यक्षिक आणि तोंडी. एका भागात आपटलं की तिन्ही पुन्हा पहिल्यापासून.

एरवी मी इतकं जिवाला लावून घेतलं नसतं. पण पाऊस दोन वर्षं नीट पडला नव्हता. शेतात ऊस कमी, कारखान्यात कुजबुज जास्त. पुढच्या हंगामात सर्टिफिकेटवाले तेवढे ठेवणार आणि बाकीच्या फायरमनांना नारळ देणार, असं जो तो बोलत होता. नारळ मिळाला की कारखान्याची खोली गेली, आणि दोन पोरी आणि दमेकरी सासू घेऊन दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचं. हातोडी धरायला मी घाबरत नाही, पण आत्याबाईंचा दमा त्या धुळीत किती दिवस निघणार होता?

पहिल्या वेळी आख्खी कॉलनी ह्यांचा गुरू झाली होती. माझा थोरला भाऊ आप्पासाहेब, मी त्याला दादा म्हणते, त्याच कारखान्यात शिफ्ट इंजिनिअर. डिप्लोमा झालेला माणूस, त्यानंच ह्यांना कामाला लावलेलं. तो म्हणाला, पहिल्या पानापासून घोकत सुटा, मी तसंच केलं. हे सुटले. चौथं पान तोंडात येईस्तोवर पहिलं पुसलेलं. ऑफिसातला कारकून म्हणाला, मागच्या वर्षांचे प्रश्न तेवढे करा, तेच उलटून पालटून येतात. त्या वर्षी त्यातला एकही आला नाही. आमच्या आत्याबाई, म्हणजे कडूबाई, त्यांचं म्हणणं की दोष डोक्यात नाही, ग्रहात आहे. दर शनिवारी ह्यांना शिंगणापूरला तेल घेऊन पिटाळायच्या. मी म्हटलं, तेल वाहून बॉयलर समजत असता तर घाण्याचा बैल कधीच इंजिनिअर झाला असता. तेव्हापासून आठ दिवस त्या माझ्या हातचा चहा प्याल्या नाहीत.

शेजारच्या बद्रुन्निसाचाची दुवा म्हणून फुंकर घातलेली साखर देऊन गेल्या. ती मात्र मी कोणाला टाकू दिली नाही. त्यांचे मालक जैनुद्दीनचाचा आमच्या ह्यांच्याच बॉयलरवर अटेंडंट, फर्स्ट क्लासचं सर्टिफिकेट असलेले. हंगामाच्या पहिल्या दिवशी बॉयलर पेटवायच्या आधी पूजा होते, तेव्हा नारळ फोडायचा मान आमच्याकडं त्यांचा. त्यांच्या शब्दाला मी किंमत द्यायची, आणि ते एवढंच म्हणायचे की पोराच्या हाताला सगळं येतंय, तोंडाला येत नाही.

हे ऐकून मी दुसऱ्या वेळी पुस्तक बंद करून टाकलं. मी सातवी फायनल पास झालेली बाई, मला एवढं कळत होतं की ह्या माणसाच्या डोक्यात पानं नाहीत, बॉयलर आहे. मग बॉयलरच विचारायचा. मी भाकरी थापायची, ह्यांनी डोळे मिटून चुलीपुढं बसायचं. पाळीवर गेलात, पहिलं काय बघता? काच बघतो म्हणायचे, म्हणजे बॉयलरमध्ये पाणी किती ते दाखवणारी काचेची नळी. मग त्या नळीचं काय काय बिघडतं ते सांगा. पुढं सरका, आता काय आलं? वाफेचा काटा. असं करत पंप, झडपा, भट्टी, धुराडं, सगळ्याला आमची प्रदक्षिणा व्हायची. जे गावठी बोलतील ते मी पुस्तकी करून घ्यायची आणि पाटीवर लिहून घ्यायची. पाठांतर नाही, काही नाही. ह्या रीतीनं लेखीचा पेपर असा सुटला की दादाला खरं वाटेना. प्रात्यक्षिकात तर ह्यांचा हात धरणारा कोणी नव्हताच.

आणि तोंडीत नापास. म्हणून त्या दिवशी ते पुस्तक फळीवर गेलं आणि मी तोंड सोडलं. आता मला सांगाच, म्हटलं, त्या खोलीत घडतं तरी काय? साहेब विचारतो काय, आणि तुम्ही सांगता काय?

हे अंगठ्यानं जमीन उकरायला लागले. मग म्हणाले, "साहेबानं इचारलं, काचेत पानी दिसंना तर काय करशील. मी म्हनलं, आधी आग बंद करीन."

"बरोबर हाय की."

"मग साहेब म्हनले, अरे, पानी संपलंय तर आधी पंप लावून पानी सोडायला पायजे, न्हाई का?"

"मग तुमी काय म्हनला?"

"व्हय साहेब."

मी कपाळावर हात मारून घेतला. तापलेल्या तव्यावर पाण्याचा हबका मारला की कसा चरचरून उडतो, ते माझ्या धाकट्या पोरीलाही माहीत. पाणी आटून आतला पत्रा लाल झालेला असताना गार पाणी सोडलं तर आख्खा बॉयलर माणसांसकट फुटतो. हे त्यांनी मला चुलीपुढं शंभरदा सांगितलेलं. साहेब त्यांना मुद्दाम खड्ड्यात ढकलून बघत होता आणि हे नमस्कार करून खड्ड्यात उतरले. मी विचारलं, चूक आहे हे माहीत असून व्हय का म्हणालात? तर म्हणे, साहेब म्हणत होते. एवढा मोठा माणूस, त्याला तोंडावर खोटं कसं पाडायचं?

आमच्या घराचं सगळं दुखणं त्या एका शब्दात होतं. कोणी सायकल मागितली, व्हय. कोणी म्हणालं दिवाळीत माझी पाळी कर, व्हय. एकाच दिवाळीत तिघांना व्हय म्हणून बसले आणि नरकचतुर्दशीची अंघोळ बॉयलरच्या राखेत केली. एकानं तर कोण्या मेल्याची व्यालेली शेळी आमच्या दारात आणून बांधली, चार दिवस सांभाळा म्हणून, आणि ती पाच महिने माझ्या तुळशी खात होती. मला बघायला आले तेव्हा माझ्या वडलांनी विचारलं, मुलगी पसंत आहे का? हे म्हणाले, व्हय. मी आतल्या खोलीत किती हरखून गेले होते! मला काय ठाऊक की हा माणूस सगळ्यालाच व्हय म्हणतो.

तेव्हा तिसऱ्या वेळचा अभ्यास मी वेगळाच लावला. पुस्तकाला हात लावायचा नाही. रोज घरातल्या कोणीतरी ह्यांना एक खुळ्यासारखी गोष्ट विचारायची, आणि ह्यांनी न्हाई म्हणायचं. व्हय म्हणाले तर ते निस्तरायचं. पहिल्याच दिवशी मी विचारलं, चहात साखरेऐवजी मीठ घालू का? बघत माझ्याकडं होते, पण लक्ष कुठं होतं देव जाणे. घाल म्हणाले. मी घातलं. त्यांनी तो कप निमूट संपवला आणि कपबशी विसळून ठेवली.

आत्याबाईंनी आधी आकाशपाताळ एक केलं. बाईनं नवऱ्याला उलट बोलायला शिकवायचं हे कुठल्या शास्त्रात लिहिलंय, म्हणून विचारायच्या. पण मिठाच्या चहाचं ऐकलं आणि त्यांच्या अंगात वारं शिरलं. दुसऱ्या दिवशी लेकाला म्हणाल्या, मला श्रीरामपूरला सिनेमा दाखवतो का रे? म्हाताऱ्या आईला न्हाई कसं म्हणायचं? म्हणाले व्हय. मग न्यावंच लागलं. जाताना पदर तोंडावर घेऊन गेल्या आणि येताना गाणं गुणगुणत आल्या. पुढं महिनाभर त्या रोज काहीतरी मागत होत्या आणि मी कपाळ बडवत होते.

शेवटी जैनुद्दीनचाचांना साकडं घातलं. चाचांनी ईदचा काळा कोट चढवला, आमच्या ओट्यावर खुर्ची टाकून पायावर पाय घेऊन बसले, आणि आमचे हे समोर हात बांधून उभे. चाचा असे काही साहेब झाले की मलाच दरारा वाटला. काचेत पाणी नाही, म्हणाले, पटकन पाणी सोडतोस ना? ह्यांच्या कपाळाला घाम. ओठ व्हयकडं वळत होते आणि मी दारातून डोळे वटारत होते. चाचांनी आवाज चढवून पुन्हा विचारलं. तेव्हा कुठं त्या घशातून शब्द निघाला, आडात पडलेला पोहरा ओढून काढावा तसा. न्हाई साहेब. बद्रुन्निसाचाचींनी ह्यांच्या तोंडात साखर घातली, आणि मला हसावं का रडावं तेच कळेना.

त्यानंतर मात्र जमायला लागलं. सायकल मागायला आलेला माणूस हात हलवत परत गेला. शेळीवाला दुसरी शेळी घेऊन आला होता, तोही आल्या पावली गेला. न्हाई म्हणून झालं की हे आत येऊन पाणी प्यायचे, पण म्हणायचे. परीक्षा होती उन्हाळ्यात, हंगाम संपल्यावर. मला वाटलं, आता गंगेत घोडं न्हालं.

संक्रांत होऊन गेली होती. संध्याकाळी मी दिवा लावत होते आणि कारखान्याची घरघर एकदम थांबली. आमच्या कॉलनीत राहणाऱ्याला तो आवाज ऐकू येत नसतो, थांबला की ऐकू येतो. सगळ्या बाया दारात आल्या. भोंगा नाही, काही नाही. मग एकेक जण तिकडून यायला लागला आणि ज्याच्या त्याच्या तोंडात आमच्या ह्यांचं नाव. सूर्यभाननं बॉयलर बंद पाडला, सूर्यभाननं गाळप बंद पाडलं. बाहेर उसाच्या गाड्यांची रांग लागलेली, बैल ताटकळलेले, ऊस वाळत चाललेला. गाडीवाले जे काही बोलत होते ते मी सांगणार नाही.

घडलं होतं ते असं. जैनुद्दीनचाचांना सकाळपासून ताप होता. दादा त्या पाळीचा इंजिनिअर. त्यानं चाचांना घरी पाठवलं आणि ह्यांनाच काचेपुढं उभं केलं, सर्टिफिकेट नसताना. त्याचाही इलाज नव्हता म्हणा. त्या आठवड्यात कारखाना दोनदा बंद पडला होता आणि वरून ताकीद होती की पुन्हा थांबला तर तुझी खैर नाही. अन् नेमका पंप बसला, आणि तो दुरुस्त होऊन सुरू होईस्तोवर काचेतलं पाणी दिसेनासं झालं. दादा ओरडला, सोड पाणी. आणि आमचे हे म्हणाले, न्हाई साहेब. दादानं शिवी घातली. हे पुन्हा न्हाई म्हणाले, चिपाडं यायची वाट बंद केली, आणि उरलेली आग बाहेर ओढून टाकली.

चाचा हे ऐकून तापात उठून बसले आणि म्हणाले, शाबास. बाकी कॉलनीत शाबास म्हणणारं कोणी नव्हतं.

बॉयलर गार व्हायला वेळ लागतो, आणि असं काही झालं की पुण्याहून इन्स्पेक्टर साहेब येऊन आतून तपासून गेल्याशिवाय तो पेटवता येत नाही. ते यायच्या आदल्या दिवशी दुपारी दादा आमच्या खोलीवर आला. हे बाहेर गेले होते. दादा कधी आमच्याकडं जमिनीवर बसायचा नाही, त्या दिवशी बसला. दाढी वाढलेली. म्हणाला, "पुष्पा, साहेब त्याला इचारनार, पानी सोडायला कुनी सांगितलं हुतं का. त्यानं फक्त न्हाई म्हनायचं. एक शब्द हाय. न्हाई तर माझी नोकरी गेली."

हा माझा भाऊ. आई गेली तेव्हा मी सात वर्षांची होते. माझ्या वेण्या ह्यानं घातल्या, शाळेत हात धरून ह्यानं नेलं. दर भाऊबीजेला, कारखान्यात काही का असेना, माझ्या पाटावर येऊन बसलेला. मी त्याला काय सांगणार होते? कुठली बहीण काय सांगेल? मी म्हटलं, सांगते त्यांना.

आणि मी सांगितलं. नीट समजावून सांगितलं. बॉयलर फुटला नाही, माणूस मेला नाही, कोणाचं काही गेलं नाही. मग एका शब्दानं कोणाचं काय बिघडतंय? एवढे महिने तोच शब्द तर घोटून घेतला होता. हे ऐकत राहिले. व्हय म्हणाले नाहीत आणि न्हाईही म्हणाले नाहीत. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हा माणूस काही न बोलता माझ्यासमोरून उठून गेला असं कधी झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ह्यांना सकाळपासून बॉयलरवर थांबवून घेतलं होतं म्हणून मी डबा घेऊन गेले. आमच्याकडं बायका डबा देतात तो दाराशी उभं राहून. आत साहेब बॉयलरच्या पोटातून नुकतेच बाहेर आले होते, हातात बॅटरी, नाकाला काजळी. हेच ते पुण्याचे, ह्यांना तोंडीत नापास करणारे. एका बाजूला दादा, कारखान्याचे मोठे साहेब आणि चाचा, आणि मधे आमचे हे, हात बांधून.

साहेबांनी विचारलं आग कोणी काढली, हे म्हणाले मी. पाणी का नाही सोडलं विचारलं, तर तापलेल्या पत्र्याचं सगळं नीट सांगितलं, जसं चुलीपुढं सांगायचे तसंच, एकही शब्द अडखळला नाही. साहेब ऐकत होते आणि रुमालानं नाक पुसत होते. मग रुमाल खिशात ठेवला.

"तुला पाणी सोडायला कोणी सांगितलं होतं का?"

दादा आपल्या बुटांकडं बघत होता. ह्यांनी वळून माझ्याकडं बघितलं, आणि मी मान हलवली, न्हाई म्हणून. त्यांनी ते बघितलं. मला माहीत आहे त्यांनी बघितलं.

"व्हय साहेब," हे म्हणाले.

"कोणी?"

"शिफ्ट इंजिनिअर साहेबांनी."

आयुष्यभर ज्या शब्दानं माझा जीव खाल्ला, तो शब्द जिथं नको होता तिथं बरोबर काढला ह्या माणसानं. मी डबा तिथंच उंबऱ्यावर ठेवला आणि घरी आले.

रात्रीपर्यंत दम निघाला नाही. हे पाळी संपवून आले तशी मी दारातच सुरू झाले. एका शब्दाचं काम होतं, म्हटलं. ज्यानं तुम्हाला इथं चिकटवलं, ज्यानं ही खोली मिळवून दिली, त्याच्यासाठी एक शब्द निघाला नाही तुमच्या तोंडातून? हे म्हणाले, साहेबांनी जे विचारलं त्याचं उत्तर व्हय होतं. मी म्हटलं, उत्तर! परीक्षा होती का ती? डबा रिकामा होता, हे तो घासायला घेऊन बसले.

दादाला राजीनामा द्यायला लावला. कोल्हापूरकडच्या एका कारखान्यात त्याला हलकी जागा मिळाली. सामान टेम्पोत चढत होतं तेव्हा मी गेले होते. वहिनीनं माझ्याकडं बघितलं नाही. दादानं बघितलं आणि म्हणाला, "नवऱ्याला तूच शिकवलंस, आता तूच सांभाळ." मी काय शिकवलं आणि काय नाही, हे त्याला टेम्पोच्या मागं पळत सांगणार होते का? चाचा नंतर मला समजवायला आले. साहेबांनी त्यांना सांगितलं होतं की पाणी सोडलं असतं तर त्या पाळीतला एकही माणूस घरी गेला नसता, आणि बेटी, त्यात तुझा भाऊपण होता. मला ते पटत होतं. पटल्यानं राग जातो असं कोणी सांगितलं?

उन्हाळ्यात हे परीक्षेला गेले. मी शनीला तेल पाठवलं नाही, साखर दिली नाही, एक प्रश्न विचारला नाही. तोंडीला तेच साहेब. त्यांनी म्हणे ओळख दाखवलीच नाही, आणि तोच काचेचा प्रश्न फिरवून फिरवून विचारला. एकदा गोडीत, एकदा रागावून, एकदा तर तुझं सगळं चुकलं म्हणून. प्रत्येक वेळी हे न्हाई म्हणाले. सर्टिफिकेट आलं तेव्हा आत्याबाईंनी ते देवापुढं ठेवलं, चाचींनी कॉलनीत साखर वाटली, आणि मी भांडी घासत होते.

त्या वर्षी, बाहत्तर साली, पाऊस आलाच नाही. विहिरींनी तळ दाखवला. उभा ऊस जनावरांना घातला. हंगामाच्या तोंडाला कारखान्यानं सर्टिफिकेट नसलेल्या एकूणएक फायरमनला घरी बसवलं, आणि त्यांच्या बाया पाटी घेऊन खडीच्या कामावर गेल्या. त्यांच्या पोरांना तिथं खायला सरकारी सुकडी मिळायची. आमची खोली राहिली. रेशनवरची ती लाल मिलो, जिची भाकरी थापता थापता फुटते, तीच आमच्याही ताटात होती, पण आपल्या घरात बसून होती. आत्याबाई पोरींना सिनेमातलं गाणं शिकवत होत्या. हे सगळं कोणामुळं, ते मला कळत नव्हतं असं नाही.

भाऊबीजेला मी सकाळपासून पाट मांडून ठेवला होता. पत्र घातलं होतं, उत्तर नव्हतं. श्रीरामपूरची एस.टी. आली की पोरी फाट्यापर्यंत जाऊन बघून यायच्या. शेवटची गाडी आली आणि गेली. आत्याबाईंनी स्वतः उठून तबकात निरांजन लावलं आणि माझ्या हातात दिलं. ज्या बाईचा भाऊ येत नाही तिनं चंद्राला ओवाळायचं, अशी रीत आहे. आजवर मी ती दुसऱ्या बायकांना करताना बघितली होती.

अंगणात आले. बीजेची कोर धुराड्याच्या बाजूला होती, नखाएवढी, मावळतीला लागलेली. मी तबक वर केलं आणि ओवाळलं. मागं ह्यांची चाहूल लागली. पाळीवर जायला निघाले होते, हातात डबा.

"माझं चुकलं का?" त्यांनी विचारलं.

डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि अंगाचा नुसता संताप होत होता. एक व्हय म्हणायचा अवकाश, हा माणूस जन्मभर मान खाली घालून माझं ऐकून घेणार होता. पण त्यांनी जे विचारलं होतं त्याचं उत्तर ते नव्हतं.

"न्हाई," मी म्हटलं.

मग तबक त्यांच्या हातात दिलं आणि राहिलेल्या भाकरी थापायला आत गेले.